मालवणच्या उथळ पाण्यात छायाचित्रणाची सुरुवात

पाण्याखालील छायाचित्रणासाठी महागडा कॅमेरा आणि खोल डायव्हिंगचे प्रशिक्षण लागतेच, या समजुतीने अनेक जण किनाऱ्यावरच थांबतात. प्रत्यक्षात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ, खडकाळ पाण्यात मास्क, स्नॉर्कल (पाण्यावर तरंगताना श्वास घेण्याची नळी), लाइफ जॅकेट, जलरोधक कॅमेरा आणि सोबतीला जाणकार स्थानिक मार्गदर्शक एवढ्यावर सुरुवात करता येते.

कॅमेऱ्याइतकाच दिवस महत्त्वाचा असतो. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि खवळलेले असते, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. त्यातही अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या भरतीच्या दिवसांत जावे. तेव्हा भरती-ओहोटीतील फरक कमी असल्याने प्रवाह मंद राहतो आणि तळाची वाळू कमी ढवळली जाते. सकाळी दहानंतर सूर्य वर आला की प्रकाश पाण्यात अधिक शिरतो.

मोबाइलसाठी जलरोधक पाऊच वापरणार असाल, तर आधी त्यात फक्त टिश्यू पेपर ठेवून तो अर्धा तास बादलीत बुडवून पाहावा. पाण्याखाली टचस्क्रीन नीट चालत नाही, म्हणून आवाजाच्या बटणाने छायाचित्र निघेल अशी सोय किनाऱ्यावरच करून ठेवावी.

पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, आणि सुमारे पाच मीटरवर तो बराचसा नाहीसा होतो. यात खोलीबरोबरच विषय आणि भिंग यांच्यामधील पाणीही मोजावे लागते. म्हणून झूम न वापरता हातभर अंतरावरून छायाचित्र घ्यावे. फ्लॅश बंद ठेवावा, कारण पाण्यातील कण त्याने उजळतात आणि चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. सूर्य पाठीशी असावा. मासा जवळ येईपर्यंत स्थिर राहावे. पाठलाग केल्यास हाती केवळ त्याची शेपटी लागते.

स्थिर तरंगणे हेच नवशिक्याने सर्वप्रथम शिकावे, असे माझे ठाम मत आहे. कॅमेरा हातात घेण्यापूर्वी अंग आडवे ठेवून, पाय न झाडता, शांत श्वास घेत तरंगण्याचा सराव करावा. फिनच्या, म्हणजे पायात घालायच्या पोहण्याच्या पंखाच्या, एका फटक्याने अनेक वर्षे वाढलेले प्रवाळ तुटू शकते, आणि उडालेला गाळ त्याच्या जिवंत पृष्ठभागावर बसून त्याला गुदमरवतो. हा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे प्रवाळावर उभे राहू नये, त्याला धरून तोल सावरू नये आणि शंख-शिंपलेही उचलू नयेत. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकण्याचा आग्रह नावाड्याकडे धरू नये. कोणी टाकू लागल्यास नम्रपणे थांबवावे. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला, तर रसायनेही पाण्यात कमी जातात.

बाहेर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा. मग छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या जीवसृष्टीच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवावीत. पाण्याखाली जीपीएस चालत नसल्याने ठिकाण नकाशावर स्वतः दाखवावे लागते. माशाचे नाव ठाऊक नसले तरी नोंद करावी, कारण ओळख पटवायला इतर जाणकार मदत करतात. पांढरे पडलेले प्रवाळ दिसल्यास त्याचे जवळून एक आणि आजूबाजूच्या खडकासह एक अशी दोन छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे पुढच्या हंगामात तीच जागा शोधून तुलना करता येते.