जुन्या मिशनमधल्या मिशनरी बाईंचा माग कसा काढावा

गावातल्या जुन्या मिशन शाळेत किंवा दवाखान्यात कुणी इंग्रज बाई होत्या, एवढंच बहुतेकदा ठाऊक असतं. त्यांचं नाव मिळालं की लोक लगेच तेच शोधत सुटतात आणि तिथेच अडतात. आधी संस्था ठरवा, कारण कागद संस्थेनुसार लावलेले असतात.

ठिकाणावरून अंदाज येतो. नाशिकचं शरणपूर, मालेगाव, जुन्नर, औरंगाबाद इथे चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे सीएमएस, ही चर्च ऑफ इंग्लंडची, म्हणजे अँग्लिकन, संस्था काम करत होती. पुण्यात 1877 पासून वाँटेजच्या सिस्टर्स, म्हणजे इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या अँग्लिकन मठातल्या जोगिणी, होत्या. अहमदनगरला जपून! तिथे आधी अमेरिकन मराठी मिशन आलं, ते अँग्लिकन नव्हे. एसपीजी (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) ही दुसरी अँग्लिकन संस्था मागाहून आली. त्या अमेरिकन मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार तुम्हाला अँग्लिकन दप्तरात सापडणार नाहीत.

सीएमएसचं दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी रिसर्च लायब्ररीत आहे, एसपीजीचं ऑक्सफर्डच्या बोडलियनमध्ये. सीएमएसच्या छापील नोंदवहीत बायकांची यादी वेगळी आहे. पण मिशनऱ्याची बायको त्या यादीत नसते, ती नवऱ्याच्या नोंदीत एका ओळीत असते. आयुष्यभर शाळा चालवली असली तरी. अविवाहित बाईंनी पुढे मिशनऱ्याशी लग्न केलं तर त्यांचं पुढचं कामही नवऱ्याच्या नावाखाली शोधावं लागतं. माग तुटला म्हणून बाई वारल्या असं धरू नका. ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदी, एन/3 या खुणेखाली, पाहा. लग्नाच्या नोंदीत बहुधा वडिलांचं नावही मिळतं.

खरा घोळ पत्रांत होतो. सीएमएसची पश्चिम भारताची 1880 पर्यंतची पत्रं सी आय 3 या खुणेखाली, लिहिणाऱ्याच्या नावाने लावलेली आहेत. त्यानंतरची जी2 आय3 खाली, लंडनला पोचल्याच्या क्रमाने. टपालाला तीनेक आठवडे लागत. त्यामुळे नाशिकहून डिसेंबर 1889 च्या अखेरीस निघालेलं पत्र 1890 च्या क्रमांकांत बसतं, आणि 1889 चा गठ्ठा चाळणारा हात हलवत परततो. म्हणून गठ्ठे मागवण्याआधी सारांशवह्या वाचा. त्यांत प्रत्येक पत्राचा क्रमांक आणि दोन-चार ओळींत मजकूर असतो. वर्ष आणि क्रमांक टिपून नेमकं तेवढंच पत्र मागवा. स्थळनामांची जुनी रूपंही शोधून पाहा: पूना, जुनीर.

सिस्टर्सची गोष्ट वेगळी. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला झाला; तिथल्या ज्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रांतून वाद चालला, त्यांचं 'जेराल्डिन' हे संन्यासातलं नाव. अशा नावावरून जनगणना किंवा जन्मनोंद शोधण्यात अर्थ नाही, आधी मठाच्या नोंदींतून मूळ नाव मिळवावं लागतं.

मिशनऱ्यांची छापील वार्षिक पत्रं वाचायला सोपी, पण ती निवडून, कापून, वर्गणीदारांसाठी छापलेली. रोजची कुरकुर, पैशांची ओढाताण आणि आपसातली भांडणं हस्तलिखितातच मिळतात. बरोबरीने काम करणाऱ्या मराठी बायबल-बाईंचा, म्हणजे बायकांना बायबल वाचून दाखवणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती बायकांचा, उल्लेख दोन्हीकडे अनेकदा नावाविनाच येतो. त्यांच्यासाठी स्थानिक चर्चची बाप्तिस्मा वही उघडा.