सेकंड लीडच्या बाजूनं भांडायचंय? मग आधी हे करा

सेकंड लीड म्हणजे के-ड्रामातला, म्हणजे कोरियन सिरीजमधला, तो दुसरा मुलगा ज्याला शेवटी हिरोइन मिळत नाही. आधीच सांगून ठेवते, खाली स्टार्ट-अप, रिप्लाय 1988 आणि ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन या सिरीजचे शेवट उघड केलेत. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी बघून या, मग वाचा, नंतर मला शिव्या घालायच्या नाहीत.

तर, सोलापुरात एप्रिल-मे मध्ये दुपारी बाहेर पडायची सोय नसते, पारा 42 च्या पुढं जातो, म्हणून आमच्याकडं के-ड्रामाचा सीझन म्हणजे उन्हाळा आणि त्यावर भांडायची जागा म्हणजे संध्याकाळची गच्ची. मी, धाकटी बहीण, दोन मैत्रिणी आणि शेजारच्या अक्का. अक्का घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि त्यांना सबटायटल वाचायचा कंटाळा, मग बहीण शेजारी बसून मराठीत सांगत राहते. यातच पहिली गोम आहे बघा. बहिणीला जो हिरो आवडतो त्याचे डायलॉग ती गोड करून सांगते आणि दुसऱ्याचे "काय की, असंच कायतरी म्हणतोय" म्हणून उडवते. म्हणजे अक्कांचं मत अर्धं बहिणीचंच असतं. म्हणून नियम एक, मत द्यायच्या आधी सीन स्वतः बघा, रील बघून किंवा कुणाकडनं ऐकून नको. एक मिनिटाच्या रीलमध्ये कुठलाही माणूस देव वाटतो.

नियम दोन, "तो लै क्यूट आहे" हे मत नाही, ते नुसतं आवडणं झालं. आवडू दे की, कोण नको म्हणतंय, पण भांडायला बसलात तर सीन सांगा. कुठल्या एपिसोडमध्ये, त्यानं काय केलं, तिनं त्यावर काय केलं. आमच्यात आता असं ठरलंय की ज्याला सीन सांगता येत नाही त्यानं खाली जाऊन सगळ्यांसाठी पाणी आणायचं.

आता सेकंड लीडबद्दल, कारण निम्मी भांडणं तिथंच होतात. ज्याला हिरोइन मिळत नाही तो दुसरा मुलगाच आपल्याला जास्त का आवडतो? माझं मत असं की तो लिहिलेलाच तसा असतो. साधारण 16 एपिसोडची गोष्ट, आठवड्याला दोन एपिसोड, एवढ्या वेळात हिरोला बदलून दाखवायचं असतं, मग सुरुवातीला त्याला उद्धट, भित्रा नाहीतर खोटारडा करावंच लागतं. सेकंड लीडला असलं काही ओझं नसतं. तो वेळेवर येतो, छत्री धरतो, गप्प बसतो, निघून जातो. एकाच्या चुका दाखवायच्या आणि दुसऱ्याचा नुसता चांगुलपणा, मग तुलना सरळ होणारच नाही. म्हणून सेकंड लीडच्या बाजूनं बोलायचं असेल तर आधी त्याची एक तरी चूक शोधून काढा. सापडली नाही तर तुम्ही नीट बघितलेलं नाही.

स्टार्ट-अप घ्या, 2020 ची. यावर आमच्यात बोलणं बंद होण्यापर्यंत मजल गेलेली. हान जी-प्योंग लहानपणी अनाथ, सो दाल-मीच्या आजीनं त्याला आपल्या कॉर्न डॉगच्या (काडीला लावून तळलेल्या सॉसेजच्या) दुकानात आसरा दिला, आणि नात एकटी पडली म्हणून आजीच्याच सांगण्यावरनं त्यानं तिला पत्रं लिहिली. नाव मात्र पेपरात छापून आलेल्या एका गणित ऑलिम्पियाडवाल्या पोराचं टाकलं, नाम दो-सान. दाल-मी वर्षानुवर्षं त्या नावावर जीव टाकून बसली, आणि मोठेपणी खरा दो-सान ते खोटं पुढं चालवायला तयार झाला. आता बहीण म्हणते की पत्रं ज्याची, प्रेम त्याचं. मैत्रीण म्हणते, पंधरा वर्षांपूर्वीच्या कागदावर कोण लग्न करतं, समोर जो आहे तो बघ. दोघींचंही खरं आहे आणि म्हणूनच त्या भांडणाला शेवट नाही.

इथं मी एक करते, दोन्ही पोरांना बाजूला ठेवते आणि फक्त दाल-मीकडं बघते. कुणाजवळ असताना ती स्वतः निर्णय घेते? दो-सानच्या कंपनीत ती सीईओ होते, चुकते, पडते, परत उभी राहते. जी-प्योंग तिला सल्ला देतो, तोही कडक आणि बरोबर, पण सल्लाच. या हिशेबानं तिनं दो-सानला निवडलं ते मला पटतं. तरी मी जी-प्योंगच्याच बाजूची आहे, का तर त्याची खरी गोष्ट दाल-मीबरोबर नाहीच, आजीबरोबर आहे. तो निघून जाताना आजी त्याला सांगते की यशस्वी झालास तर माझ्याकडं येऊ नको, पण अडचणीत असलास, पाऊस पडत असला आणि जायला जागा नसली, तर ये. अख्ख्या सिरीजमध्ये यापेक्षा भारी प्रेम मला तरी दिसलं नाही. म्हणजे बघा, "मला अमुक जोडी आवडली" यातली जोडी हिरो-हिरोइनचीच पाहिजे असं कुठं लिहिलंय?

रिप्लाय 1988 मध्ये डोक-सनवर मनातल्या मनात प्रेम करणारा जंग-ह्वान हरला ते ट्रॅफिक सिग्नलमुळं, असं म्हणणारे भेटतात. त्याला लाल सिग्नल लागतात, तो कॉन्सर्टच्या जागी पोचतो तर त्याचा मित्र ताएक आधीच डोक-सनसमोर उभा, तोही आपला बदुकचा (पटावरचा एक खेळ) सामना सोडून आलेला. पण त्याच सीनमध्ये जंग-ह्वान स्वतः मान्य करतो की दोष सिग्नलचा नव्हता, आपण किती वेळा कचरलो त्याचा होता. जो माणूस स्वतःची केस स्वतःच हरलोय म्हणतोय त्याचं वकीलपत्र घ्यायचं असेल तर निदान तेवढं ऐकून घ्या. (मला जंग-ह्वान आवडतो. डोक-सनसमोर तोंड उघडायला त्याला कुणी अडवलेलं नव्हतं, एवढंच.)

आता रोमान्स खरंच रोमँटिक आहे की नुसतं तसं वाटायलंय, हे ओळखायची सोपी युक्ती, आवाज बंद करा. हिरो येतो, गाणं लागतं, केस उडतात, एकच मिठी तीन बाजूंनी दाखवतात, आणि आपण विरघळतो. तोच सीन म्यूट करून बघा, ती मागं सरकतेय का, हात सोडवून घेतेय का, तिच्या चेहऱ्यावर काय आहे. जुन्या सिरीजमध्ये मनगट धरून ओढत न्यायचा प्रकार भरपूर आहे. 2009 च्या बॉइज ओव्हर फ्लॉवर्समध्ये तर गू जुन-प्योची टोळी ज्याला लाल कार्ड देते त्याला सगळी शाळा मिळून छळते, आणि तेच पोरगं पुढं हिरो. ते काम करणारा नट देखणा ली मिन-हो आहे म्हणून आपण सोडून देतो. आमची कसोटी अशी की हेच आमच्या सोलापुरातल्या सात रस्ता चौकात एखाद्या पोरानं केलं असतं तर आपण काय केलं असतं? चप्पल काढली असती ना? मग तेवढं तरी तोंडानं म्हणा, त्यानंतर खुशाल आवडून घ्या. सिरीज त्या काळाची आहे हे मान्य, पण बघतोय आपण आज.

उलट बाजूचं उदाहरण अक्कांनी दिलं. 2025 ची व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स, जेजू बेटावरची. ग्वान-सिक हा माणूस बोलतच नाही फारसा. त्याच्या घरात जेवताना पुरुषांचं ताट वेगळीकडं आणि बायकांचं वेगळीकडं. तर एका जेवणाला तो बसल्या जागी वळतो, घरच्यांकडं पाठ करतो आणि बायको ए-सुनच्या बाजूला तोंड करून जेवायला लागतो. बस एवढंच. ना गाणं, ना पाऊस. अक्का म्हणाल्या परत लाव, आणि परत बघितल्यावर म्हणाल्या, "आमच्या घरात हे कुणी केलं असतं तर मी त्याला जन्मभर शेंगाचटणी कुटून घातली असती." आम्ही हसलो खरं, पण सीन सांगून मत कसं द्यायचं ते अक्कांनी एका वाक्यात दाखवलं. तो बोटीवरनं उडी मारून पोहत परत येतो तो सीन जास्त गाजला, मला विचाराल तर वळून बसणं जास्त अवघड आहे.

शेवट आवडला नाही आणि शेवट चुकला, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या मिसळू नका. ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वनमध्ये ही-दो आणि यी-जिन वेगळे होतात म्हणून 2022 मध्ये लोक केवढे चिडलेले. मीपण रडले. पण गोष्ट सुरूच होते ती आयएमएफच्या संकटात (कोरियाचं अर्थकारण कोसळलं तेव्हा) यी-जिनचं घर बुडाल्यापासनं, आणि मोठेपणीच्या ही-दोच्या मुलीचं आडनाव यी-जिनचं नाही हे पहिल्यापासनं समोर होतं. चुकला म्हणायचं असेल तर कुठल्या एपिसोडपासनं गोष्ट घसरली ते दाखवा. नाहीतर "मला दुःख झालं" म्हणा, तेही पुरेसं आहे.

आणि नट-नटीचं खरं आयुष्य मध्ये आणू नका. क्रॅश लँडिंग ऑन यूच्या ह्युन बिन आणि सोन ये-जिनचं 2022 मध्ये खरंच लग्न झालं, तेव्हापासनं प्रत्येक जोडीत लोक लग्न शोधायलेत. त्या लग्नानं ह्युन बिननं त्यात केलेला री जंग-ह्योक चांगला लिहिलाय की वाईट हे ठरत नाही.

सरावाला बिझनेस प्रपोजल घ्या, 12 च एपिसोड आहेत. यात हा-री मैत्रिणीच्या जागी खोट्या नावानं ब्लाइंड डेटला जाते आणि समोर निघतो तिच्याच कंपनीचा बॉस. पण पुष्कळ जणांना त्यांच्यापेक्षा मैत्रीण यंग-सो आणि सेक्रेटरी चा यांची जोडी जास्त आवडते. का आवडते, ते तीन सीन सांगून लिहून काढा, "क्यूट" शब्द न वापरता. जमलं तर गच्चीवर या, चटई आमची, भडंग तुमचं.