आधी खाली आणायला शिका

जिममध्ये मला सगळे काकू म्हणतात. वय 51, गाव सांगली, शाळेच्या ऑफिसात कारकुनी. वजनं उचलायला लागून सहा वर्षं झाली, पण त्यातलं पहिलं वर्ष मी वजनं नुसती फेकत होते, असं आता म्हणावं लागतं.

तेव्हा साडेसात किलोच्या डंबेलने बायसेप मारायचे. मारायचे म्हणजे काय, कंबर मागे टाकायची, झटका द्यायचा, डंबेल खांद्यापाशी आलं की सोडून द्यायचं. शिकवणारा मुलगा बाजूला उभा राहून "अजून दोन, काकू, अजून दोन!" ओरडायचा. त्या अजून दोनमध्ये एकदा कंबरेत अशी उसण भरली की चार दिवस ऑफिसच्या खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागलं.

परत गेले तेव्हा तिथल्या एका जुन्या मेंबरने हातात पाच किलो दिलं आणि पाठ भिंतीला टेकवून उभं केलं. म्हणाले, आता मारा. सातव्याला हात थरथरायला लागला. साडेसातचे बारा मारणारी मी! म्हणजे इतके दिवस अर्धं वजन कंबरच उचलत होती.

तुम्हीही आधी हेच करून बघा. पाठ, ढुंगण, दंडाची मागची बाजू भिंतीला. कोपर जागचं हलवायचं नाही. वर नेताना एक ते दोन सेकंद, श्वास सोडत. वर क्षणभर थांबा. मग खाली आणताना तीन मोजा, श्वास घेत. नुसतं "एक-दोन-तीन" म्हटलं की दमल्यावर आकडे पळतात, म्हणून मी मनात "एक मिरज, दोन मिरज, तीन मिरज" म्हणते. पोरं हसतात. हसू देत. तिसऱ्या मिरजेला हात पूर्ण सरळ झालेला हवा. त्याआधीच खाली पोचलात तर तुम्ही वजन आणलं नाही, ते पडलं.

उतरवण्यावर एवढा जोर का? स्नायू जेवढं वजन वर नेऊ शकतो, त्याहून जास्त वजन तो सावकाश खाली आणू शकतो. म्हणजे उतरताना त्याच्यात ताकद शिल्लक असते, आणि नेमकी तीच आपण सोडून देतो. मात्र दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणंही मुख्यतः या उतरवण्यातूनच येतं. म्हणून पहिल्या आठवड्यात दोनच सेट, म्हणजे न थांबता मारायच्या फक्त दोन फेऱ्या. मी हौसेने चार केले होते आणि केस विंचरायला हात वर जाईना.

स्क्वाटलाही हाच हिशोब. मागे खुर्ची ठेवा, छातीशी डंबेल धरा, तीन मिरजेत बसा. ढुंगण खुर्चीला टेकलं की लगेच उठा, आरामात बसायचं नाही. टाचा जमिनीला चिकटलेल्या, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. उठताना गुडघे आत पडत असतील तर वजन जास्त झालंय. आरशात समोरून बघून पाठीचा बाक कळत नाही, म्हणून मोबाईल बाजूला टेकवून एका सेटचा व्हिडिओ काढा. पहिला व्हिडिओ बघून वाईट वाटेल, माझंही झालं होतं.

सेटच्या शेवटी वर नेण्याचा वेग आपोआप मंदावतो. तो मंदावू द्या, त्यात काही चूक नाही. पण अंग हलवून मदत करावीशी वाटली की सेट तिथेच संपला, मग आठ झाले असोत की पाच. ब्लडप्रेशर असेल तर श्वास कोंडून जोर लावू नका, आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

याचं दुसरं टोकही असतं. काही जण वर जायलाच दहा सेकंद लावतात. त्याची गरज नाही. 2015 साली आलेल्या संशोधनाच्या एका आढाव्यानुसार, एक रेप, म्हणजे एकदा वर नेऊन खाली आणणं, अर्ध्या सेकंदापासून आठ सेकंदांपर्यंत कितीही वेळात केली तरी स्नायूंची वाढ साधारण सारखीच होते. मग मी मोजते कशाला? मोजलं की झटका मारता येत नाही, एवढ्याचसाठी.

"मग काकू, संकेत सरगर एवढ्या झटक्यात कसा उचलतो?" असं एका पोराने विचारलं. आमच्या सांगलीचाच तो. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलोंचं रौप्य, सुवर्ण एका किलोने हुकलं. अरे, तो वेटलिफ्टिंगचा खेळ. स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेणं, सावकाश होतच नाही, बार वेगानेच वर यावा लागतो, आणि त्यासाठी ती पोरं रिकाम्या बारवर वर्षं घालवतात. आपण बायसेप मारतोय, बाबा.

वजन कधी वाढवायचं? बारा रेप्स तीन-तीन मिरजेत निघाल्या आणि पाठ भिंतीवरून सुटली नाही, हे लागोपाठ दोन दिवस जमलं की. मला साडेसातवर परत यायला पाच महिने लागले.