निधी संकलनाच्या सल्लागाराचे मानधन कसे ठरवावे

"आणाल त्यातले दहा टक्के तुमचे" हा व्यवहार लहान संस्थांना सोयीचा वाटतो, कारण आज खिशातून काहीच जात नाही. भुर्दंड नंतर बसतो. दहा वर्षे संस्थेशी जोडलेल्या देणगीदाराने 20 लाख दिले आणि सल्लागाराने फक्त पत्राचा मसुदा केला असेल, तरी त्याचे 2 लाख होतात. उलट आठ महिने मशागत करून तो गेला आणि देणगी नवव्या महिन्यात आली, तर त्याच्या हाती शून्य. साहजिकच तो झटपट मोठ्या रकमेमागे धावतो. दरमहा 500 रुपये देणारे जोडत बसत नाही. अमेरिकेतील असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्सची आचारसंहिता सभासदांना टक्केवारी घ्यायला मनाईच करते. "देणगी आली तरच फी" हीही टक्केवारीचीच बहीण.

त्याऐवजी आधी काम लिहून काढा: किती प्रस्ताव, किती देणगीदारांच्या भेटी, कोणती यादी, किती महिने. त्यावरून दिवस मोजा. समजा महिन्याला 8 दिवस, दिवसाला 5,000; म्हणजे 40,000. सल्लागार जीएसटी नोंदणीकृत असेल तर 18 टक्क्यांचे 7,200 वर. वर्षाची फी 50,000 ओलांडणार असेल तर 10 टक्के टीडीएस कापावा लागतो, तोही जीएसटी वेगळा दाखवला असल्यास मूळ 40,000 वरच: 4,000. हातात द्यायचे 43,200. इथे 47,200 वर टीडीएस कापण्याची चूक फार होते.

एकरकमी काम असेल तर 30-40-30 असे हप्ते पाडा: करार होताना, मसुदे हाती आल्यावर, काम सोपवल्यावर. हप्ता कामाशी बांधा, जमलेल्या रकमेशी नाही. प्रवासखर्च बिलाप्रमाणे, वेगळा. बक्षीस द्यायचेच तर आधी ठरवलेली, कमाल मर्यादा असलेली ठोक रक्कम द्या, आणि निकष जुने देणगीदार टिकण्यासारखा ठेवा.

ही फी आणायची कुठून? प्रकल्पासाठी आलेल्या अनुदानातून नव्हे, मंजूर अंदाजपत्रकात तशी बाब असल्याशिवाय. सर्वसाधारण निधीतूनच. परदेशी देणगी घेत असाल तर एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या नियमनाच्या कायद्याची) प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020 पासून 50 वरून 20 टक्क्यांवर आली आहे, आणि व्यावसायिक शुल्क त्यातच मोजले जाते.

नेमणूक विश्वस्तांच्या ठरावाने करा. तीन दरपत्रके मागवा. सल्लागार एखाद्या विश्वस्ताचा नातेवाईक असेल तर त्या विश्वस्ताने चर्चेतून उठावे आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. लेखापरीक्षक हे हमखास विचारतो.

करारात दोन गोष्टींवर तडजोड नको. देणगी थेट संस्थेच्या खात्यात येईल, सल्लागाराच्या खात्यात किंवा यूपीआयवर कधीच नाही. पावती संस्थाच देईल. दुसरे, देणगीदारांची यादी संस्थेची. ती दरमहा संस्थेच्या संगणकावर आली पाहिजे आणि शेवटचा हप्ता पूर्ण यादी, पत्रव्यवहार व पासवर्ड मिळाल्यावरच सुटावा.