बंद पडलेली बेल

माझ्या पहिल्या रहस्यकादंबरीचं हस्तलिखित परत करताना संपादक म्हणाले, "खुनी कोण ते शेवटच्या प्रकरणापर्यंत कळत नाही, हे चांगलंय. पण तिथवर ते तुम्हालाही कळलेलं नव्हतं, असं दिसतंय."

खरंच होतं ते. पाच पात्रं घ्यायची, सगळ्यांना थोडं थोडं संशयास्पद वागायला लावायचं आणि शेवटी ज्याच्यावर कुणाचीच नजर जाणार नाही त्याच्या गळ्यात खून अडकवायचा, अशी माझी पद्धत. वाचक दचकतो, पण लगेच चिडतोही. हे आधी कसं ओळखणार होतो आपण, असं त्याला वाटतं, आणि त्याचं चुकत नाही.

तेव्हापासून मी एक वही करतो. गुन्हेगाराची वही. कादंबरीचं पहिलं वाक्य लिहायच्या आधी सगळं त्याच्या बाजूने, तारीख-वार-वेळेसकट लिहून काढायचं: पैशाची निकड कधी लागली, मनात पहिल्यांदा कधी आलं, त्या रात्री कुठल्या दाराने आत शिरला, घाईत काय विसरला, सकाळी कुणाला काय थाप मारली. तीस-चाळीस पानं सहज होतात. त्यातली एक ओळही पुस्तकात जात नाही, म्हणून नव्या लिहिणाऱ्यांच्या हे जिवावर येतं. माझ्याही यायचं. पण रहस्यकथेत गोष्टी दोन असतात, एक घडलेली आणि एक उलगडत जाणारी. घडलेली पक्की नसली की उलगडणारी मध्यावर येऊन अडकते, आणि मग लेखक दुसरा खून पाडतो. (माझ्या त्या पहिल्या हस्तलिखितात तीन होते.) या वहीचा आणखी एक फायदा म्हणजे खून झाल्यावरही गुन्हेगार स्वस्थ बसलेला नसतो, हे लक्षात राहतं. तपास चालू असताना तोही काहीतरी लपवत, पुसत, कुणालातरी गाठत असतो.

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. हे गृहस्थ धर्मगुरूही होते. नियमांतले काही गमतीचे आहेत: गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको, जुळी भावंडं आणायची तर वाचकाला आधी कल्पना द्या. आठवा नियम मी लिहायच्या टेबलासमोर चिकटवून ठेवलाय. त्याचा मथितार्थ असा, की गुप्तहेराच्या हाती लागलेला दुवा तिथल्या तिथे वाचकासमोरही यायला हवा.

समोर यायला हवा हे ठीक, पण किती?

माझ्या एका कादंबरीत चौदाव्या प्रकरणात एक जण सांगतो, "बेल वाजली म्हणून मला जाग आली." तो खोटं बोलतोय, कारण त्या घराची बेल कधीचीच बंद आहे. हे वाचकाला दुसऱ्या प्रकरणात, पाहुणा पहिल्यांदा त्या घरी येतो तेव्हा दाखवायचं होतं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं: "त्याने बेल दाबली. बेल वाजली नाही. क्षणभर थांबून त्याने दार ठोठावलं." खर्डा वाचणाऱ्या चारही मित्रांनी तिथे पेन्सिलीने खूण केली. एवढंसं वाक्य एकटं उभं केलं की ते हात वर करून ओरडतं.

दुसऱ्या खर्ड्यात मी घाबरून ती बेल व्हरांड्याच्या पानभर वर्णनात पुरून टाकली. एकालाही आठवली नाही. एकाने तर विचारलं, "ही बेल बंद कधी पडली?" म्हणजे दुवा देऊनही न दिल्यासारखाच.

छापलं गेलं ते हे: "पायरीवर ओल्या चपला, बंद पडलेली बेल, दाराच्या कडीत खोचलेलं वर्तमानपत्र. त्याने दार ठोठावलं, आणि आत कुणाचंतरी रडणं एकदम थांबलं." तीन वस्तूंतली मधली सहसा डोळ्यांखालून निसटते. त्यात लगेच रडणं आलं, की वाचक त्याच्या मागे धावतो. तरी ठोठावणं कुठेतरी लक्षात राहतं. आठव्या प्रकरणात आणखी एक जण येऊन दार ठोठावतो, बाकी काही नाही. या वेळी चारांपैकी एकाने ओळखलं आणि तिघांनी चौदाव्या प्रकरणात कपाळावर हात मारला. मला एवढंच प्रमाण हवं असतं. कुणीच ओळखलं नाही तर मी खूश होत नाही, पुन्हा लिहायला बसतो.

चकवा पेरण्याबद्दलही थोडं. एखादं पात्र नुसतं संशय यावा म्हणून रात्री-अपरात्री फिरवायचं आणि शेवटी "त्याला झोप येत नव्हती" म्हणून सोडून द्यायचं, हे वाचकाला खपत नाही. त्याचं स्वतःचं काहीतरी झाकलेलं असावं. त्याच कादंबरीतला पुतण्या कुठे होतो ते सांगत नाही, कारण त्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वीच गेलीय आणि घरी पत्ता लागू न देता तो रोज डबा घेऊन बाहेर पडतो. खुनाशी काडीचा संबंध नाही. पण त्याचं गुपित फुटतं ते प्रकरण, मला विचाराल तर, खुनाच्या उलगड्यापेक्षा सरस उतरलंय.

रोज किती शब्द लिहिता, असं हमखास विचारतात. पाचशे. त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी जातात.

एवढं सगळं सांभाळूनही घोळ होतो. तिसऱ्या कादंबरीच्या पाचव्या प्रकरणात मी पौर्णिमा घातली होती. नवव्यात, म्हणजे कथेतल्या पाच दिवसांनंतर, एक बाई रात्री आठ वाजता लख्ख चांदण्यात एकाचा चेहरा ओळखते. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पाच दिवसांत झाले चार तास. म्हणजे आठ वाजता आकाशात चंद्रच नव्हता, आणि माझा अख्खा तपास त्या बाईच्या साक्षीवर उभा. एका वाचकाने हिशोब मांडून कळवलं. १८५८ साली अब्राहम लिंकन यांनी वकील म्हणून एक खुनाचा खटला असाच लढवला होता. चांदण्यात सगळं पाहिलं म्हणणाऱ्या साक्षीदारापुढे त्यांनी पंचांग उघडलं, त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता हे दाखवलं, आणि आरोपी सुटला. हा किस्सा मला चांगला माहीत होता. नव्या लेखकांसमोरच्या भाषणात मी तो रंगवून सांगितलाही होता.

त्या वाचकाला मी उत्तर लिहिलं, की दुसऱ्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करतो. दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही.