जुनी लेन्स मिररलेसवर लावण्याआधी: आटे जुळले तरी अंतर मोजा

जुन्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, लावताना मागच्या वेळी मी आटे मोजले, लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर मोजलं नाही. तेवढ्यामुळे अख्खी सकाळ गेली. जुनी ५८ मिमीची हेलिओस हाती आली होती, विकणाऱ्याने "एम-३९ आहे", म्हणजे ३९ मिमीच्या आट्यांची, एवढंच सांगितलं, मी एम-३९चा अ‍ॅडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी कडी) मागवला. लेन्स त्यात अलगद फिरत बसली आणि मी निर्धास्त झालो. पहाटे तळ्याकाठी कॅमेरा उभा केला आणि फोकसची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. पलीकडचं झाड नाही, पायाजवळचा दगडही नाही, काहीच स्पष्ट होईना. लेन्स खराब निघाली असं समजून मी ती पिशवीत टाकली. लेन्स अगदी उत्तम होती.

चूक अशी: एम-३९ या एकाच नावाखाली दोन वेगळे माउंट, म्हणजे लेन्स बसवायच्या जोडण्या, आहेत. एक लायकाच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचा (यांत लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघायचं), जो फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांनीही वापरला. त्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी. दुसरा सुरुवातीच्या झेनिट एसएलआरचा. त्यात मध्ये आरसा असल्यामुळे हेच अंतर ४५.२ मिमी. आटे दोन्हीकडे ३९ मिमीचेच. लायकाचा पेच (दोन आट्यांमधलं अंतर) इंचाला २६ आट्यांचा, म्हणजे साधारण ०.९८ मिमी, झेनिटचा १ मिमी. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, हातालाही कळत नाही. माझी लेन्स झेनिटची होती आणि अ‍ॅडॅप्टर लायकाच्या अंतराचा. लेन्स सेन्सरच्या १६.४ मिमी जास्त जवळ गेली, मग ती कशावर फोकस करणार? उलट चूक केली, म्हणजे रेंजफाइंडरची लेन्स एसएलआरच्या अ‍ॅडॅप्टरवर लावली, तर वीतभर अंतरावरचं पान छान दिसतं आणि त्यापलीकडचं सगळं धुरकट.

म्हणून पहिली तयारी हीच: कोरा कागद, मिलिमीटरची पट्टी आणि एक खिडकी. खोलीतले दिवे घालवा, एकच खिडकी उघडी ठेवा, बाहेर शंभर पावलांवरचं तरी काहीतरी दिसू द्या. लेन्सची फोकस कडी इन्फिनिटीवर (सर्वांत लांबच्या खुणेवर), अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं, पुढची काच खिडकीकडे. मागे कागद धरा आणि पुढेमागे करा. एका जागी बाहेरचं झाड उलटं होऊन कागदावर उतरेल, फांदी न् फांदी वेगळी दिसेल. तिथे थांबा आणि लेन्सच्या बैठकीपासून कागदापर्यंत मोजा. बैठक म्हणजे आट्यांचं टोक नव्हे, तर आटे जिथे संपतात तिथला सपाट खांदा, जो कॅमेऱ्याला टेकतो. एकट्याने जमत नाही, पट्टी धरायला कुणाला तरी बोलवा. २९च्या आसपास आलं तर रेंजफाइंडर, ४५च्या आसपास आलं तर एसएलआर. मिलिमीटरभर इकडेतिकडे होईल, त्याने बिघडत नाही. दोन मिनिटांचं काम आहे आणि मी ते केलं नव्हतं.

आणखी एक खूण. रेंजफाइंडरच्या लेन्सच्या मागे, आट्यांच्या आतल्या बाजूला, सहसा एक पितळी नळी असते आणि फोकस फिरवला की ती आतबाहेर होते. एसएलआरच्या लेन्सला ती नसते. नावावर मात्र जाऊ नका. इंडस्टार-५० दोन्ही प्रकारांत मिळते. ३९ मिमी आट्यांच्या लेन्सला फोकसची कडीच नसेल तर ती बहुधा एन्लार्जरची, म्हणजे फिल्मवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राची. तिला फोकससाठी हेलिकॉइड (फिरवून लांबणारी नळी) किंवा बेलोज (भाता) वेगळं लागेल.

आता ४२ मिमीचे आटे. एम-४२ सगळ्यांना माहीत असतो: ४२ मिमी, पेच १ मिमी, अंतर ४५.४६ मिमी. टाकुमार, पेंटाकॉन, पुढच्या हेलिओस, सगळा खजिना इथेच आहे. पण टी-२ सुद्धा ४२ मिमीचाच आहे, पेच ०.७५ आणि अंतर ५५ मिमी. टी-२ची लेन्स एम-४२च्या अ‍ॅडॅप्टरमध्ये एखाद-दीड फेरा जाते आणि अडकते. अडकली की थांबायचं, जोर लावायचा नाही. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा मेले की मेले. लांब पल्ल्याच्या साध्या लेन्सेस आणि आरशाच्या ५०० मिमी लेन्सेस बऱ्याचदा टी-२च्या असतात.

एम-४२मध्ये पिन बघायला विसरू नका. लेन्सच्या मागे एक बारीक पिन असेल तर ती दाबल्याशिवाय अ‍ॅपर्चरची पाती मिटत नाहीत. बाजूला ऑटो-मॅन्युअलचा खटका असेल तर मॅन्युअलवर टाका, प्रश्न मिटला. खटका नसेल, जसा हेलिओस ४४एम-४ला नाही, तर अ‍ॅडॅप्टर आतून कडा असलेलाच घ्या. ती कडा पिन कायम दाबून ठेवते. कडा नसलेला घेतलात तर लेन्स सदैव एफ/२वर उघडी राहील आणि अ‍ॅपर्चरची कडी नुसती टकटक वाजेल. हेलिओस ४४-२सारख्या प्रीसेट (पाती हाताने मिटवायच्या) लेन्सला पिनच नाही, तिला दोन्ही चालतात.

झेनिटच्या ३९ मिमी लेन्ससाठी ३९ ते ४२ची बारीक रिंग मिळते, ती घालून एम-४२चा अ‍ॅडॅप्टर वापरता येतो. मी आता तेच करतो. पण रिंग बाहेरची कडा नसलेली, आट्यांत पूर्ण बुडणारी हवी. कडेची रिंग लेन्सला पुढे ढकलते आणि इन्फिनिटी निसटते. म्हणजे पुन्हा अंतराचाच प्रश्न.

बेयोनेट, म्हणजे आट्यांऐवजी थोडंसं फिरवून अडकवायचा माउंट, ओळखणं तुलनेने सोपं. पुढच्या कडीवरचं नाव अर्धी माहिती देतं: रोकोर म्हणजे बहुधा मिनोल्टा, हेक्सानॉन म्हणजे बहुधा कोनिका, झुइको म्हणजे ऑलिंपस. 'बहुधा' म्हणतोय कारण झुइको ओएमसाठीही आहे आणि हाफ-फ्रेम पेन एफसाठीही, आणि ते दोन माउंट अगदी वेगळे. टाकुमार आट्यांची असते तशी पेंटॅक्सच्या के बेयोनेटचीही असते. व्हिविटार, टोकिना, सोलिगोर यांनी तर तीच लेन्स हव्या त्या माउंटमध्ये विकली. टॅमरॉन अ‍ॅडॅप्टॉल असेल तर मागची माउंटची कडीच सुटी होते. मग अ‍ॅडॅप्टर शोधण्याआधी बघा की आपल्याकडे आधीपासून असलेल्या अ‍ॅडॅप्टरला जुळणारी कडी मिळते का.

म्हणून नाव वाचून झालं की लेन्स उलटी करा. ओएमच्या लेन्सवर दोन्ही बाजूंना बटणं असतात, लेन्स सोडवायचं बटण कॅमेऱ्यावर नसून लेन्सवरच. जुन्या निकॉनच्या अ‍ॅपर्चर कडीवर धातूचे सशासारखे कान असतात, आणि निकॉन इतर बहुतेकांच्या उलट दिशेला फिरते. जुन्या कॅनन एफडीला मागे फिरणारी चकचकीत कडी असते. एक्झाक्टाच्या बऱ्याच लेन्सेसना बाजूने बाहेर आलेला हात आणि त्यावर बटण. एकदा पाहिलं की विसरत नाही.

कॅनन एफडी घेणार असाल तर अ‍ॅडॅप्टरवर लॉक-ओपनची कडी आहे ना, बघा. बसवताना ती ओपनवर, बसली की लॉकवर. अ‍ॅडॅप्टरची आतली पिन लेन्सच्या खटक्यामागे गेली नाही तर पाती हलत नाहीत. निकॉनच्या 'जी' प्रकारच्या लेन्सेसना आणि मिनोल्टाच्या १९८५पासूनच्या ऑटोफोकस लेन्सेसना अ‍ॅपर्चरची कडीच नाही, त्यांना कडी असलेला अ‍ॅडॅप्टर लागतो. १९८७पासूनच्या कॅनन ईएफची पाती विजेवर चालतात, तिथे साधी धातूची नळी कामाची नाही.

अंतरांकडे परत येतो, कारण सगळं तिथेच ठरतं. लायका एम २७.८, एफडी ४२, मिनोल्टाचा जुना माउंट ४३.५, ईएफ ४४, पेंटॅक्स के ४५.४६, ओएम ४६, निकॉन एफ ४६.५ मिमी. आणि कॅमेऱ्याची बाजू: निकॉन झेड १६, फुजी एक्स १७.७, सोनी ई १८, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, कॅनन आरएफ आणि एल माउंट २०. लेन्सच्या आकड्यातून कॅमेऱ्याचा आकडा वजा करा, उरेल तेवढी अ‍ॅडॅप्टरची जाडी. सोनीसाठी लायकाच्या ३९चा अ‍ॅडॅप्टर १०.८ मिमी, म्हणजे जवळजवळ चकतीच. झेनिटच्या ३९चा २७.२, म्हणजे चांगली डबी. मी मागवला तेव्हा फोटोत चकती दिसत होती. वजाबाकी केली असती तर तिथेच कळलं असतं. अ‍ॅडॅप्टर हातात आला की जाडी पुन्हा मोजा, नावावर विश्वास ठेवू नका.

हीच वजाबाकी साखळीलाही, म्हणजे अ‍ॅडॅप्टरवर अ‍ॅडॅप्टर लावण्यालाही, लागू. ईएफचा एक चांगला अ‍ॅडॅप्टर असेल तर एम-४२, निकॉन एफ, ओएम यांच्या पातळ रिंगा त्यावर चालतात, कारण यांची अंतरं ४४पेक्षा जास्त. एफडी आणि जुना मिनोल्टा चालत नाहीत. लायकाच्या ३९ आणि एममध्ये नेमका १ मिमीचा फरक, त्यामुळे तिथे पातळ रिंग अचूक बसते.

पुढचं भराभर सांगतो. ज्युपिटर-१२ची मागची काच खूप खोल आत जाते. तसली लेन्स कॅमेऱ्यात घालण्याआधी अ‍ॅडॅप्टरला लावून किती बाहेर येते ते मोजा. बरेच अ‍ॅडॅप्टर मुद्दाम केसभर आखूड बनवतात, म्हणजे इन्फिनिटी नक्की मिळावी. नॉर्मल लेन्सला चालतं, पण २० मिमीसारख्या वाइड लेन्सला कडीवरचे आकडे पार चुकतात. अ‍ॅडॅप्टरमध्ये लेन्स डुगडुगत असेल तर परत करा. लेन्स जड असेल तर ट्रायपॉडचा आधार लेन्सला द्या, कॅमेऱ्याला नाही. सी माउंटची (छोट्या सिने-कॅमेऱ्यांची) लेन्स मोठ्या सेन्सरवर कोपरे काळे करते. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करा, स्थिरीकरणात फोकल लेंथ हाताने भरा, फोकस पीकिंग (स्पष्ट झालेल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावा, आवर्धन एखाद्या बटणावर ठेवा. बुरशी, तेलकट पाती, हे बघालच.

शेवटी घराबाहेर पडण्याआधी, आदल्या रात्री, लेन्स कॅमेऱ्यावर लावून लांबच्या एखाद्या दिव्यावर किंवा चंद्रावर फोकस करून बघा. मिळाला तर निघा. नाही मिळाला तर कागद, पट्टी, खिडकी.