लाकडामुळे नव्या फिशटँकचे पाणी तपकिरी झाले, तर काय करावे?

नव्या टँकमध्ये ड्रिफ्टवूड, म्हणजे सजावटीचे वाळके लाकूड, ठेवले की दोन-तीन दिवसांत पाण्यावर पिवळट झाक येते आणि आठवडाभरात ते कोऱ्या चहासारखे दिसू लागते. बहुतेक जण इथे घाबरतात आणि सगळे पाणी उपसून टाकतात. कृपया तसे करू नका. रंग सोडणारे लाकूड आतच असते, त्यामुळे पाणी चार दिवसांत पुन्हा तपकिरी होते. माशांना मात्र विनाकारण मोठा धक्का बसतो.

हा रंग म्हणजे घाण नाही. लाकडातले टॅनिन आणि ह्युमिक आम्ले पाण्यात हळूहळू उतरतात, त्यांचा तो रंग. हिरडा आणि बाभळीची साल चामडे कमावायला वापरतात, ती याच टॅनिनसाठी. ब्राझीलमधल्या रिओ नेग्रो नदीचे पाणी कुजणाऱ्या पानांमुळे मुळातच इतके गडद असते की मनाऊस शहराजवळ ती सोलिमोइस नदीला मिळते, तेव्हा काळे आणि मातकट असे दोन प्रवाह कित्येक किलोमीटर शेजारी शेजारी वाहताना दिसतात. दुकानात लाल-निळा चमकणारा कार्डिनल टेट्रा त्याच काळ्या पाण्यातला.

आधी खात्री करा

पांढऱ्या कपात टँकचे पाणी घेऊन उजेडात बघा. रंग पिवळा-तपकिरी, पण कपाचा तळ स्वच्छ दिसतोय, तर ते टॅनिनच. पाणी दुधाळ असेल तर तो नव्या टँकमधला जिवाणूंचा उद्रेक आहे, त्याचा लाकडाच्या रंगाशी संबंध नाही. मातकट गढूळ असेल तर वाळू नीट धुतली गेलेली नाही. हिरवे असेल तर शेवाळ. काचेवर बोटाने पुसला जाणारा तपकिरी थर दिसला तर ते डायटम, म्हणजे एक प्रकारचे सूक्ष्म शेवाळ. नव्या टँकमध्ये ते येतातच आणि बहुधा आपोआप कमी होतात.

लाकूड बाहेर काढून त्याचा वासही घ्या. ओल्या मातीसारखा वास चालतो. सडक्या अंड्यासारखा येत असेल किंवा लाकूड नखाने दाबल्यावर आत जात असेल, तर ते कुजते आहे. ते परत ठेवू नका.

रंग घालवायचा की राहू द्यायचा?

हा निर्णय माशांवरून घ्या. टेट्रा, बेट्टा, गुरामी, कोरिडोरस, डिस्कस यांना हलक्या रंगाचे पाणी मानवते. बेट्टा पाळणारे तर मुद्दाम देशी बदामाची वाळलेली पाने पाण्यात टाकतात. उलट मलावी आणि टांगानिका सरोवरांतल्या आफ्रिकन सिक्लिडना कठीण, अल्कधर्मी पाणी लागते. त्यांच्या टँकमध्ये रंग सोडणारे लाकूड न ठेवणेच बरे.

टॅनिनमुळे पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) थोडा उतरू शकतो, पण किती ते तुमच्या पाण्यावर अवलंबून आहे. बोअरच्या कठीण पाण्यात कार्बोनेट भरपूर असल्याने फरक जवळजवळ जाणवत नाही. मृदू पाण्यात तो लवकर उतरतो, म्हणून पहिले काही आठवडे टेस्ट किटने पीएच बघत राहा, आणि रोज साधारण एकाच वेळी बघा, कारण दिवसभरात तो थोडा वरखाली होतोच.

वनस्पती असतील तर गडद पाण्यात उजेड कमी पोहोचतो. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन यांना फारसा त्रास होत नाही. जास्त उजेड मागणाऱ्या लाल वनस्पती मात्र मंदावतात.

मासे अजून सोडले नसतील तर

मग मुळावरच घाव घाला, तुमचे पुढचे काम खूप सोपे होईल. लाकूड ब्रशने खरवडून धुवा. साबण किंवा डिटर्जंट अजिबात नको, लाकूड ते शोषून घेते. मग मोठ्या पातेल्यात बुडवून एक-दोन तास उकळा, काळे पाणी ओतून द्या, नवे पाणी घेऊन पुन्हा उकळा. पाणी फिकट दिसेपर्यंत हे चालू ठेवा. लाकूड लांब असेल तर आधी एक टोक, मग दुसरे. प्रेशर कुकर वापरू नका. बारीक फांद्यांचे स्पायडर वूड फार वेळ उकळले तर तुटू शकते, त्याला थोडाच वेळ द्या.

उकळणे शक्य नसेल तर पिंपात किंवा मोठ्या बादलीत एक-दोन आठवडे भिजवा, वरून दगडाचे वजन ठेवा आणि एक-दोन दिवसांआड पाणी बदला. पिंपावर झाकण किंवा जाळी हवीच, नाहीतर साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. भिजवण्याचा आणखी एक फायदा: तरंगणारे लाकूड पाणी पिऊन जड होते आणि तळाशी बसते. तरीही तरंगत असेल तर ते ग्रॅनाइटच्या तुकड्याला बांधा किंवा काळ्या पाषाणाखाली दाबा. शहाबादी फरशी वापरू नका. ती चुनखडीची असते आणि पाण्याचा कठीणपणा वाढवते. दगडाची शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर तो दगड टँकसाठी नाही.

लाकूड निवडतानाही विचार करा. मोपानी आणि मलेशियन ड्रिफ्टवूड लगेच बुडतात, पण रंग भरपूर सोडतात. मोपानी तर महिनोन्‌महिने. स्पायडर वूड रंग कमी सोडते, पण सुरुवातीला तरंगते. समुद्रकिनाऱ्यावर सापडलेले लाकूड कितीही सुंदर असले तरी गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नको. त्यात खोलवर मीठ मुरलेले असते.

मासे आत असतील तर

आता घाई नको. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये प्रत्यक्षात साधारण 45 लिटर पाणी मावते. त्यातले 11-12 लिटर, म्हणजे चौथा हिस्सा, आठवड्यातून दोनदा बदला. दर वेळी रंगाचा चौथा हिस्सा बाहेर जातो, म्हणजे तीन बदलांत आधीचा रंग निम्म्याहून खाली येतो. लाकूड मधल्या काळात नवा रंग सोडतच असते, म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागतो. नवे पाणी अँटी-क्लोरीन घालून, टँकच्या तापमानाला आणूनच ओता.

त्याच्या जोडीला फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे रंग शोषून घेणारा कोळसा, ठेवा. आधी त्याची काळी भुकटी निघेपर्यंत धुवा, जाळीच्या पिशवीत भरा आणि स्पंजनंतर, म्हणजे गाळलेले पाणी त्यातून जाईल अशा जागी ठेवा. तीन-चार आठवड्यांत त्याची क्षमता संपते, मग बदला. माशांना औषध देत असाल तेव्हा कार्बन काढून ठेवा, तो औषधही शोषतो. प्युरिजेनसारखे रेझिन (रंग शोषणारे कृत्रिम मणी) याहून चांगले काम करते आणि पाकिटावरच्या सूचनांनुसार धुऊन पुन्हा वापरता येते. महाग आहे, पण पाणी काचेसारखे हवे असेल तर मी तेच सुचवेन.

एक काळजी घ्या. नव्या टँकमध्ये अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ते मुख्यतः फिल्टरमध्ये आणि वाळूवर वाढतात. म्हणून रंग घालवण्याच्या नादात जुना स्पंज फेकू नका, नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळा. कार्बन अमोनिया काढत नाही, त्यामुळे पाणी स्वच्छ दिसले म्हणून जास्तीचे मासे सोडू नका.

हे टाळा

तुरटी. पिण्याचे पाणी निवळायला ती चालते, पण टँकमध्ये ती पाण्याची अल्कता खाते आणि पीएच झपाट्याने पाडते. पिवळा रंग झाकायला दुकानातले निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, ओतणेही चुकीचे. त्याने उपयोगी जिवाणूंना इजा होते आणि काचेच्या जोडातले सिलिकॉन कायमचे निळे पडते. लाकडाला वार्निश लावून रंग रोखायचा विचारही सोडून द्या.

लाकडावर पांढरा बुळबुळीत थर आला तर

नव्या लाकडातल्या साखरेवर वाढणारी ही बुरशी आणि जिवाणू आहेत. माशांना त्यांचा धोका नाही; कोळंबी, गोगलगायी आणि ओटोसिंक्लस हे छोटे मासे तो थर आवडीने खातात. नको असेल तर पाणी बदलताना जुन्या टूथब्रशने घासा आणि नळीने ओढून घ्या. काही आठवड्यांत तो येणे थांबते.

लाकूड काही दिवस बाहेर ठेवायची वेळ आली तर ते झाकलेल्या बादलीत, पाण्यात बुडवूनच ठेवा. वाळले की ते पुन्हा तरंगते आणि भिजवण्याचे सगळे काम नव्याने करावे लागते.